मामाची लघवी लाल झाली, मग औषध डोक्यात पोचलं की नाही?

दवाबाजारवाला:

नमस्कार मंडळी. मी गांधीबागेत औषधांच्या होलसेल दुकानात कामाला आहे. बी.फार्म. झालेलं आहे, पण त्याला सात वर्षं झाली अन् आता डोक्यात रसायनशास्त्रापेक्षा बॅच नंबर आणि एक्स्पायरीच जास्त आहे. म्हणून विचारून राहिलो, हसू नका.

माझे मामा उमरेडला असतात, कोळसा खाणीत नोकरी, वय ५१. एप्रिलच्या सुरुवातीला त्यांचं डोकं दुखायला लागलं. तिथल्या एका डॉक्टरांनी ऊन लागलं म्हणून सांगितलं. खरं सांगतो, आम्हालाही ते पटलं. एप्रिलमध्ये आपल्याकडे डोकं दुखायला दुसरं कारण लागते का? बारा दिवस दुखण्याच्या गोळ्या आणि ओआरएस. मग उलट्या सुरू झाल्या. तेराव्या दिवशी मामा मामीला माझ्या वारलेल्या मावशीच्या नावानं हाका मारायला लागले, अन् सदरा उलटा घालून अंगणात बसून राहिले. मामीनं मला फोन केला, मी गाडी करून त्यांना नागपूरला आणलं.

इथे स्कॅन झाला, पाठीतलं पाणी काढलं (मेंदूभोवती असते तेच पाणी). रिपोर्टमध्ये प्रोटीन २१०, साखर २८ (त्याच वेळी रक्तातली ११८), पेशी १८०, त्यात बहुतेक लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी). सीबीनॅटमध्ये (जंतूचं जनुक शोधणारी तपासणी) टीबी निघाला, रिफॅम्पिसिन या टीबीच्या औषधाला सेन्सिटिव्ह (ते त्या जंतूवर चालते). म्हणजे मेंदूच्या आवरणाचा टीबी. मामांना ना खोकला, ना कफ. वजन ५२ किलो, त्या हिशोबानं सरकारी चार-औषधी गोळ्या रोज चार, सोबत सुजेसाठी डेक्सामेथासोन. बारा महिने चालेल म्हणाले.

आता मूळ मुद्दा. दुसऱ्या दिवशी मामांची लघवी एकदम संत्र्याच्या रसासारखी झाली. रिफॅम्पिसिननं हे होणार म्हणून मला ठाऊक होतं, मामीला सांगायला विसरलो. तिनं मला बाजूला घेतलं अन् म्हणे, “काऊन गा, औषध सारं मुतावाटेच निघून चाललं, त डोक्यात काय जाईन?”

मी हसलो. मग रात्री जुन्या वह्या काढल्या अन् हसू गेलं. त्यात माझ्याच अक्षरात लिहिलेलं: आयसोनियाझिड आणि पायराझिनामाइड मेंदूभोवतीच्या पाण्यात रक्ताच्या जवळपास बरोबरीनं पोचतात, इथॅम्ब्युटॉल कमी, आणि रिफॅम्पिसिन रक्तातल्याच्या ५ ते २० टक्के. म्हणजे टीबीवरचा सगळ्यात जबर गडी, अन् नेमका तोच डोक्याच्या दारात अडतो! तर मग हे देतात काऊन? नुसती रीत म्हणून? आणि पोचत नसेल तर डोस वाढवत का नाहीत? हे डॉक्टरांना विचारू की आगाऊपणा होईल?

---

काचपट्टी३१:

भाऊ, आधी मामांना आराम पडो. मी डॉक्टर नाही. नागपुरातच सूक्ष्मजीवशास्त्राच्या लॅबमध्ये ३१ वर्षं तंत्रज्ञ होतो, दोन वर्षांपूर्वी सुटलो. औषधाचं जाणकार सांगतील, मी जंतूचं सांगतो.

पहिली गोष्ट, तुमच्या मामांचं निदान सीबीनॅटनं झालं हे नशीब समजा. पाठीच्या पाण्यात टीबीचे जंतू फारच थोडे असतात. आम्ही सुरुवातीच्या काळात झील-नील्सन रंग देऊन पट्टी बघायचो, एकेका पट्टीला अर्धा तास, मान मोडायची, अन् बहुतेक वेळा हाती काही लागत नसे. वॉर्डातून पाणी यायचं तेही कंजुषीनं, एक मिली, दीड मिली. साखर-प्रोटीनला देऊन उरलेलं आमच्याकडे. टीबी शोधायचा तर निदान सहा मिली पाहिजे, ते फिरवून तळाचा गाळ घ्यायचा, हे सांगून सांगून माझा घसा बसला. तुम्ही कुणी वॉर्डात असाल तर एवढं एक लक्षात ठेवा.

दुसरी गोष्ट कल्चरची, म्हणजे जंतू लॅबमध्ये वाढवून बघायची. त्याचा रिपोर्ट अजून आला नसेल अन् घरचे रोज विचारत असतील. ई. कोलाय हा जंतू २० मिनिटांत दुप्पट होतो. रात्री एक टाकला तर आठ तासांत चोवीस दुपटी, सकाळी १ कोटी ६७ लाख. टीबीच्या जंतूला एकदा दुप्पट व्हायला १८ ते २४ तास लागतात. तेच गणित त्याला जवळपास तीन आठवड्यांचं. आणि इथे तर सुरुवातच दहा-वीस जंतूंपासून. म्हणून अंड्याच्या माध्यमावर सहा-आठ आठवडे वाट बघावी लागते. लॅबवाले झोपा काढत नाहीत.

अंड्याचं म्हणालो ते खरंच अंड्याचं. लोवेनस्टाइन-जेन्सन माध्यमात कोंबडीची ताजी अंडी असतात. साबणानं घासून, स्पिरिटमध्ये बुडवून, मग फोडायची. त्यात मॅलाकाइट ग्रीन टाकतो म्हणून सगळी बाटली हिरवी. त्या रंगानं बाकीचे आगंतुक जंतू दबतात. मे महिन्यात आमच्या खोलीचंच इनक्युबेटर व्हायचं, वीज गेली की मी अन् शिपाई बाटल्या घेऊन वरांड्यात. वाढ आली की फिकट पिवळी, खडबडीत, फुलकोबीच्या तुकड्यासारखी दिसते. ३१ वर्षांत कितीदा बघितली, पण पाठीच्या पाण्यातून आलेली दिसली की मी खुर्चीवरून उठायचोच.

रिफॅम्पिसिनचं एवढं सांगतो: सीबीनॅट जंतूच्या आरपीओबी नावाच्या जनुकाचा ८१ अक्षरांचा एक छोटा तुकडा वाचतं. रिफॅम्पिसिन जिथे जाऊन चिकटतं ती जागा त्याच तुकड्यात ठरते. तो तुकडा बिघडलेला असला की औषधाला खुंटीच राहत नाही. मामांचा तुकडा शाबूत आहे. दाराचं नंतर बघू, आतलं कुलूप तरी उघडणारं आहे.

---

अमरावतीरोड:

मी औषधी रसायनशास्त्र शिकवते. दवाबाजारवाला, तुमच्या वहीतलं चुकीचं नाही. पण आधी मामींबद्दल. त्यांनी जो प्रश्न विचारला त्यावर जर्मनीत मोठं काम झालेलं आहे, त्यांना जरूर सांगा.

पॉल एर्लिख १८८५ च्या सुमारास जनावरांच्या रक्तात रंग टोचत होता. सगळे अवयव रंगले, मेंदू पांढराच राहिला. त्याला वाटलं, मेंदूच्या पेशींना हा रंग रुचत नसेल. पुढे त्याच्याच शिष्यानं, एडविन गोल्डमननं, १९१३ मध्ये ट्रिपॅन ब्लू थेट मेंदूभोवतीच्या पाण्यात टोचला, तेव्हा मेंदू निळा झाला आणि बाकीचं शरीर कोरं राहिलं. म्हणजे मेंदूला रंगाचं वावडं नव्हतं, मधे भिंत होती. १९६७ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ती दिसली: मेंदूतल्या केशवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना अशा घट्ट शिवलेल्या असतात की मधून काही झिरपत नाही. जायचं तर पेशीच्या अंगातूनच जायचं. मामींनी लघवीच्या रंगावरून औषधाचा माग काढला, एर्लिखही तेच करत होता.

फक्त त्यांचा निष्कर्ष थोडा बदलायला हवा. रिफॅम्पिसिनचा रंग रेणूच्या मधल्या नॅफ्थलीनसारख्या भागामुळे येतो आणि तो इतका गडद असतो की थोडंसं औषधही भरपूर रंग दाखवतं. बहुतांश औषध यकृतातून पित्तात जातं, लघवीतून जातं ते फार तर तीस टक्के. लाल लघवीचा अर्थ एवढाच: गोळी पोटात गेली, आतड्यातून रक्तात शिरली. हे लहान नाही. जेवणासोबत घेतली तर ती कमी शोषली जाते, म्हणून उपाशीपोटी सांगितली असेल तर तसंच घ्या. घाम आणि डोळ्यांतलं पाणीही केशरी होतं, त्याचीही भीती नको.

आता भिंत. आयसोनियाझिडचा रेणुभार १३७, पायराझिनामाइडचा १२३. चिमुकले रेणू, सहज निसटतात, आवरणाला सूज असो नसो. रिफॅम्पिसिनचा रेणुभार ८२३. आम्ही मुलांना वर्गात सांगतो की तोंडानं घ्यायचं औषध शक्यतो ५०० च्या आत ठेवा, आणि मेंदूत न्यायचं असेल तर त्याहूनही लहान. हे महाशय त्या नियमात कुठेच बसत नाहीत. रेणूचा आकार कडी असलेल्या टोपलीसारखा. पाठीमागून लांब साखळी वळून दोन्ही टोकांना जोडलेली. ती कडी मोडली तर औषधही निकामी, म्हणून कापून लहान करता येत नाही. त्यात भिंतीतल्या पेशींना पी-ग्लायकोप्रोटीन नावाचे पंप असतात, आत आलेलं परत बाहेर फेकणारे, आणि रिफॅम्पिसिन त्या पंपाचं गिऱ्हाईक आहे. वर रक्तातलं ऐंशी टक्क्यांहून जास्त रिफॅम्पिसिन प्रथिनांना चिकटून फिरतं. मोकळं असतं तेवढंच पलीकडे जाऊ शकतं.

इथेच तुमच्या वहीतल्या ५ ते २० टक्क्यांकडे जरा वाकडं बघायला हवं. छेदात रक्तातलं सगळं औषध आहे, चिकटलेलं धरून. मेंदूच्या पाण्यात प्रथिनं थोडी, तिथलं औषध बहुतेक मोकळं. मोकळ्याची मोकळ्याशी तुलना केली तर आकडा इतका केविलवाणा राहत नाही. तरी मी सावरून घेणार नाही: जंतू दबायला जेवढी मात्रा लागते, तिच्या आसपास किंवा खालीच बऱ्याच रुग्णांची पातळी राहते. जॉन्स हॉपकिन्सच्या गटानं २०१८ मध्ये किरणोत्सारी कार्बन-११ लावलेलं रिफॅम्पिसिन टोचून स्कॅनमध्ये त्याचा प्रवास बघितला. कार्बन-११ वीस मिनिटांत निम्मा होतो, म्हणजे रेणू बनवा आणि धावत जाऊन टोचा. त्यांना दिसलं की मेंदूतल्या दुखऱ्या जागी औषध कमी आणि असमान पोचतं, आणि उपचार पुढे सरकतात तसं आणखी कमी होतं. सूज उतरते, भिंत पुन्हा घट्ट होते.

मग देतात का? कारण ज्यांचा जंतू रिफॅम्पिसिनला दाद देत नाही आणि ज्यांना नेहमीचीच औषधं दिली गेली, अशा मेंदूच्या टीबीच्या रुग्णांचे फार वाईट हाल झालेले आहेत. पोचतं ते थोडं असलं तरी ते काम करतं, याचा याहून स्पष्ट पुरावा मला माहीत नाही.

अवांतर: तुमचे मामा कोळशातले ना? आयसोनियाझिडच्या घराण्यातला पिकोलिन हा पदार्थ पहिल्यांदा कोळशाच्या डांबरातच सापडला होता. आणि खुद्द आयसोनियाझिड प्रागमध्ये १९१२ मध्ये हान्स मायर आणि योसेफ माली यांनी प्रबंधाच्या कामात बनवलं. टीबीवर चालतं हे कळलं १९५२ मध्ये. चाळीस वर्षं औषध कागदावर होतं आणि लोक मरत होते. मी दर वर्षी हे वर्गात सांगते आणि दर वर्षी मला तितकाच राग येतो.

---

दवाबाजारवाला:

मॅडम, तुम्ही मला शिकवायला असत्या तर मी आज होलसेलमध्ये नसतो. मामीला एर्लिखचं सांगितलं. ती म्हणे, “त्याले बी कोनी सांगतलं नसन का गोळीनं लाल होते म्हणून?”

डोसचं मात्र राहिलं. चार गोळ्यांत रिफॅम्पिसिन ६०० मिलिग्रॅम होते, म्हणजे मामांना किलोमागे साडेअकरा. दुप्पट केलं तर?

---

नाईटड्युटी:

न्यूरोलॉजीत शिकतोय, दोन ॲडमिशनच्या मधे लिहितोय, चुका पोटात घाला.

डोस घरी वाढवायचा विचारही नको. सगळ्या जगानं हाच प्रश्न विचारून बघितलाय. इंडोनेशियात बांडुंगला २०१३ मध्ये ६० रुग्णांवर प्रयोग झाला: शिरेतून ६०० मिलिग्रॅम दिलेल्या गटात सहा महिन्यांत मृत्यू ३५ टक्के, तोंडानं ४५० दिलेल्यांत ६५ टक्के. सगळे खूश. मग व्हिएतनाममध्ये ८१७ रुग्णांवर, तोंडानं किलोमागे १५ मिलिग्रॅम आणि वर लेव्होफ्लॉक्सासिन हे आणखी एक जंतुनाशक. २०१६ मध्ये निकाल आला: मृत्यूत फरक नाही. साठ जणांवरचा निकाल आठशेंवर टिकेलच असं नाही, हे आम्हाला असं महागात शिकायला मिळतं. डॉक्टरांना विचारायला हरकत काहीच नाही. विचारणारे नातेवाईक आम्हाला आवडतात, गोळ्या स्वतः मोजणारे नाही.

दुसरं म्हणजे, तुम्ही सगळे औषध आणि जंतू यांच्यातच अडकलात. या आजारात अर्धं नुकसान आपल्याच शरीराच्या झुंजीनं होतं. मेंदूच्या तळाशी चिकट पू जमतो, पाण्याचा रस्ता तुंबतो, रक्तवाहिन्या सुजून बंद पडतात आणि टीबीच्या रुग्णाला लकवा होतो. कवटी बंद डबा आहे, सुजायला जागा नाही. डेक्सामेथासोन त्यासाठी. व्हिएतनाममध्येच ५४५ रुग्णांवर २००४ मध्ये सिद्ध झालं: मृत्यू ४१.३ वरून ३१.८ टक्क्यांवर आला. वाचलेल्यांचं अपंगत्व मात्र त्यानं कमी झालं नाही, हेही त्याच निकालात होतं. आणि हो, याच डेक्सामेथासोनला रिफॅम्पिसिन यकृतात लवकर संपवतं. फिटच्या काही औषधांचंही तसंच. म्हणून बाहेरचं कुठलंही औषध सुरू करताना टीबीच्या गोळ्यांचं नाव घ्यायचंच.

बघायचं काय ते सांगतो. पुन्हा गुंगी, उलट्या, चालताना तोल जाणं, लघवी कपड्यात होणं: थेट इमर्जन्सी. डोळे पिवळे दिसले: लगेच या, यकृत. लाल-हिरवा रंग ओळखता येईना किंवा धूसर दिसायला लागलं: इथॅम्ब्युटॉल. तळपायांना मुंग्या: आयसोनियाझिड, त्यासाठी बी-६ ची गोळी असते, आहे ना बघा. आणि दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात मध्येच बिघडलं तर औषध हरलं असं धरू नका. मेलेल्या जंतूंवरही शरीर तुटून पडतं, गाठी आधी मोठ्या दिसतात, मग जिरतात. डेक्सामेथासोन अचानक बंद करू नका. बेल वाजतेय.

---

पारडीकर:

मला सहा वर्षांपूर्वी झालता हाच. उजव्या कानानं कमी ऐकू येते, बाकी ठणठणीत, ई-रिक्षा चालवतो. एकच सांगतो. पाचव्या महिन्यात माणसाला वाटते आपण बरे झालो. मी आठ दिवस गोळ्या सोडल्या होत्या, बायकोला कळू दिलं नाही. तिला कसं कळलं ते वरच्या गप्पांत आलंच आहे. लघवी पांढरी झाली न बावा! मग जे बोलणं खाल्लं ते टीबीपेक्षा भारी होतं.

निक्षयमध्ये (सरकारची टीबी रुग्णांची नोंदणी) नाव घातलं का बघा, खात्यात पैसे येतात. माझ्या वेळी महिन्याला ५०० होते, नोव्हेंबर २०२४ पासून १००० केलेत. अंडी-दूध निघते त्यात.

---

काचपट्टी३१:

पारडीकर, तुमच्या बायकोला लॅबमध्ये घ्यायला पाहिजे होतं.

---

दवाबाजारवाला:

पाच आठवड्यांनी येऊन राहिलो, सॉरी. दुकान, दवाखाना, उमरेड असं चालू होतं.

कल्चरला परवा वाढ आली. काचपट्टी काका, मी मुद्दाम रिपोर्ट देणाऱ्या मुलाला विचारलं, फुलकोबीसारखी दिसली का? तो म्हणे, काका, आम्ही आता पातळ माध्यमाच्या नळीत लावतो, मशीन सांगते. तुमचं नाव माहीत नसल्यामुळे सांगता आलं नाही की कुणीतरी इथे खुर्चीवरून उठलं असतं. सगळ्या औषधांना सेन्सिटिव्ह आहे.

डॉक्टरांना डोसचं विचारलं. रागावले नाहीत. बांडुंग अन् व्हिएतनामची नावं घेतली तर उलट माझ्याकडे निरखून बघितलं अन् विचारलं, कुठे वाचलं? मी म्हटलं, नागपूरच्याच लोकांनी सांगितलं. डोस आहे तोच ठेवला. बी-६ लिहिलेलीच होती, मामीनं ती “ताकदीची गोळी, नंतर घेऊ” म्हणून डब्यात ठेवून दिली होती. ती सुरू केली.

मामा आता चालतात, डावा पाय जरा ओढतो. आम्हाला सगळ्यांना नावानं ओळखतात. मागच्या रविवारी तर्रीपोह्यांवरून मामीशी भांडले, तेव्हा मला खरं वाटलं की माणूस परत आला. त्यांना आजारातले ते अठरा दिवस अजिबात आठवत नाहीत. उलटा सदरा घातला होता हे खोटं आहे म्हणतात.

पारडीकर भाऊ, तुमची पोस्ट मी मामीला वाचून दाखवली ही माझी चूक झाली. आता मामा सकाळी मोरीतून बाहेर आले की ती आत जाऊन बघून येते अन् भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेला लाल पेनानं बरोबरची खूण करते. मामा मला फोन करून तक्रार करतात, “तुझ्या मामीनं माझी हजेरी लावली आहे, हिला कोण सांगतलं हे?” मी म्हटलं, जर्मनीतून शिकून आली.